उशिरा पोचलेली गाणी

पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी मार्च १९७३मध्ये बाजारात आली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात पोचायला तिला पुढची दहा वर्षं लागली, आणि पोचली तीही तबकडी म्हणून नव्हे, ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणून. दादरच्या मामेभावानं ती कुणाकडून तरी भरून घेतली होती. दुसऱ्या बाजूला सुधीर फडक्यांच्या आवाजातलं ‘गीतरामायण’ होतं, कारण एवढी महागाची फीत अर्धी कोरी ठेवायला मामी तयार नव्हती. ४३ मिनिटांनी पिंक फ्लॉइड संपायचं, थोडा वेळ फीत नुसतीच सरकत राहायची, खट्कन बटण वर यायचं, आणि कॅसेट उलटली की अयोध्या सुरू. आमच्या घरी कुणालाही यात विशेष काही वाटत नसे.

या पुस्तकातले सगळे लेख त्या मधल्या दहा वर्षांतून निघाले आहेत. लंडनला किंवा कॅलिफोर्नियात एखादं गाणं तयार होतं. ते सदाशिव पेठेत, साताऱ्यात, कोल्हापुरात, नागपुरात कधी पोचतं, कुणाच्या पिशवीतून पोचतं, किती झिजून पोचतं आणि पोचल्यावर आमच्या घरातल्या बाकीच्या आवाजांशेजारी कसं बसतं, एवढंच मला सांगायचं आहे. रॉक संगीताचा इतिहास इंग्रजीत भरपूर लिहिला गेला आहे आणि चांगला लिहिला गेला आहे. पण त्या इतिहासात गाण्याची तारीख एकच असते, ते प्रसिद्ध झालं ती. ऐकणाऱ्याची तारीख त्यात नसते. आमच्या आयुष्यात मोजली गेली ती हीच दुसरी तारीख.

ज्या संगीताला आज ‘क्लासिक रॉक’ म्हणतात, त्याचं ते नाव रूढ केलं अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांनी, १९८०च्या दशकात. साठ-सत्तरच्या दशकांत तरुण असलेले श्रोते आता संसाराला लागले होते. त्यांना त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली गाणी पुन्हा ऐकवली तर ते रेडिओ लावतील, हे त्या केंद्रांनी ओळखलं आणि तेवढीच गाणी वाजवणारी केंद्रं निघाली. म्हणजे तिकडे या संगीताला स्मरणरंजनाचा रंग चढत होता, नेमक्या त्याच वर्षांत आमची त्याच्याशी पहिली भेट होत होती. तिकडचा माणूस डोळे मिटून जुने दिवस आठवत होता. इकडे आम्ही डोळे विस्फारून ऐकत होतो. गाणं तेच, त्याचं वय मात्र दोन ठिकाणी वेगवेगळं होतं.

उशिरा येण्याचा एक मोठा फायदा आम्हाला झाला आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. सगळं एकदम आलं. बीटल्स १९७०मध्ये वेगळे झाले होते. लेड झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बॉनम सप्टेंबर १९८०मध्ये गेला आणि तो चमूही थांबला. इंग्लंडमध्ये १९७६-७७च्या सुमाराला पंकवाल्या पोरांनी या साऱ्या मोठ्या मंडळींना म्हातारे ठरवून हाकललं होतं. यातलं काहीही आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे बीटल्स, अॅबा, डीप पर्पल, बोनी एम आणि क्वीन एकाच पिशवीतून बाहेर पडले, आणि त्या सगळ्यांना घरात एकच नाव होतं: इंग्लिश गाणी. कुणी आधीचं नाही, कुणी नंतरचं नाही. त्यामुळे ‘अॅबा ऐकणारा रॉक ऐकणारा कसा’ हे भांडण आमच्या वाटेला कधी आलंच नाही. एकाच कॅसेटवर ‘डान्सिंग क्वीन’नंतर ‘चाइल्ड इन टाइम’ येत असे आणि आम्ही दोन्ही तितक्याच आवडीनं ऐकत असू. हा बेहिशेबीपणा पुढे वाचून-शिकून माझ्यातून गेला नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

गाणी यायची कुठून? पहिली वाट रेडिओची. घरात सकाळी मंगल प्रभात, दुपारी आणि संध्याकाळी बाकीचे कार्यक्रम, रविवारी आम्हा मुलांचं ‘बालोद्यान’. रेडिओवर हक्क मोठ्यांचा. रात्री जेवणं आटपली की मात्र काटा शॉर्टवेव्हवर नेता येई. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर डेव्ह ली ट्रॅव्हिस ‘अ जॉली गुड शो’ हा फर्माइशींचा कार्यक्रम करायचा. त्यात घाना, मलेशिया, नायजेरिया आणि आपल्याकडच्या गावांतून आलेली पत्रं वाचली जात. शॉर्टवेव्हचा आवाज आकाशातल्या थरांवर आपटून परत येतो आणि ते थर सारखे हलत असतात, म्हणून गाणं लाटेसारखं जवळ येई, मोठं होई, मग लांब जाऊन सळसळीत विरून जाई. गिटारचा एकल तुकडा रंगात आला की नेमका दूर जायचा. आम्ही कान रेडिओच्या जाळीला लावून तो परत येण्याची वाट पाहायचो. पुढे कधीतरी तेच गाणं स्वच्छ ध्वनिमुद्रणात ऐकलं तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. गाणं एका जागी उभंच होतं. त्याचं जाणं-येणं हरवलं होतं.

दुसरी वाट तबकड्यांची. बीटल्स, पिंक फ्लॉइड, क्वीन ही मंडळी ईएमआय कंपनीची, आणि तिची भारतातली शाखा म्हणजे आपली एचएमव्ही. त्यामुळे त्यांच्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातच दाबल्या जात. ‘अॅबी रोड’च्या वेष्टनावर चौघेजण लंडनचा रस्ता ओलांडत आहेत आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत डमडमचं नाव आहे, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला झालेला आनंद मी शब्दांत मांडायचा प्रयत्न या पुस्तकात एका संपूर्ण लेखभर केला आहे. ज्या कारखान्यात आपल्या किती गवयांच्या तबकड्या निघाल्या, तिथेच शेजारच्या दाबयंत्रावर जॉन लेनन निघत होता! पण तबकड्या महाग, आणि त्या वाजवायचं यंत्र मोजक्या घरांत. शाळकरी मुलांच्या आवाक्यात होती ती कॅसेट.

कॅसेट विकत घेण्याची गोष्ट नव्हती, भरून घेण्याची होती. प्रत्येक गावात अशी एखाद-दोन दुकानं असत. आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार चार दिवसांनी या म्हणायचा. यादीतलं एखादं गाणं त्याच्याकडे नसलं तर तो आपल्या मनानं दुसरं घालायचा, आणि त्या ‘दुसऱ्या’ गाण्यांनी माझं फार मोठं शिक्षण केलं. मी मागितलं होतं बोनी एम, मिळालं जेथ्रो टल. बासरीवर असं काही वाजवता येतं हे मला त्या दिवशी कळलं. ६० मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास मिळतो. तो संपला की गाणं जिथे असेल तिथे तुटायचं. माझ्या मैत्रिणीकडच्या कॅसेटवर ‘स्टेअरवे टु हेवन’ गिटारचा तो प्रसिद्ध तुकडा सुरू होण्याच्या आधीच संपत असे. मूळ गाणं आठ मिनिटांचं. आम्ही शाळा सोडेपर्यंत ते साडेपाच मिनिटांचं होतं, आणि आम्हाला ते पूर्ण वाटत होतं.

मस्कत-दुबईला नोकरीला गेलेल्या काकांनी आणलेले टू-इन-वन, कोरेगाव पार्कातल्या आश्रमात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी जाताना मागे ठेवलेल्या कॅसेटी, मुंबईत काळ्या घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’, जिथे काचेच्या खोलीत उभं राहून न घेताही तबकडी ऐकता येई, या वाटांबद्दल पुढे सविस्तर आहेच. ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६मध्ये बंद झालं. इथे मला एका वेगळ्या वाटेबद्दल थांबून बोलायचं आहे, कारण तिची आठवण रॉकवर लिहिणाऱ्यांना सहसा होत नाही. ती म्हणजे गणपतीतला ऑर्केस्ट्रा.

आमच्या पिढीतल्या बहुतेक मराठी मुलामुलींनी आयुष्यातली पहिली इलेक्ट्रिक गिटार प्रत्यक्ष पाहिली ती गणेशोत्सवाच्या मांडवात. चौकात फळ्यांचा रंगमंच, रस्त्यावर अंथरलेल्या सतरंज्या, मागे कापडावर रंगवलेलं ऑर्केस्ट्राचं नाव, आणि डाव्या कोपऱ्यात चकचकीत लाल गिटार घेऊन उभा असलेला तरुण. गाणी हिंदी-मराठी चित्रपटांची. पण निवेदक दोन गाण्यांच्या मध्ये विनोद सांगत असताना हा तरुण हळूच काहीतरी वाजवून घेई. ते ‘द शॅडोज’चं १९६०मधलं ‘अपाची’ होतं हे मला फार नंतर समजलं. त्या रात्री एवढंच कळलं की या वाद्याच्या पोटात चित्रपटापलीकडचं बरंच काही आहे. मग ‘यादों की बारात’मधल्या गाण्याची सुरुवातीची गिटार आली की सतरंजीवरून शिट्ट्या पडायच्या आणि पहिल्या रांगेतल्या आज्याही मान डोलवायच्या. राहुल देव बर्मन यांनी, आणि त्यांच्या आधी चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याहून मुंबईला आलेल्या वादक-संयोजकांनी, पश्चिमेचं केवढं तरी संगीत आमच्या कानांना आधीच ओळखीचं करून ठेवलं होतं. रॉक आमच्यापर्यंत आलं तेव्हा ते सर्वस्वी परकं वाटलं नाही, याचं श्रेय मी या मंडळींना देते.

घरातल्यांना मात्र ते परकंच होतं. ‘बंद कर तो धांगडधिंगा’ हे वाक्य त्या काळी महाराष्ट्रातल्या किती घरांत किती वेळा उच्चारलं गेलं असेल! माझे वडील नाट्यसंगीतावर वाढलेले. त्यांची तक्रार आवाजाची नव्हती, शब्दांची होती. काय म्हणतोय तो, हे तुला तरी कळतं का, असं ते विचारायचे. खरं तर मला कळत नसे. मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकणाऱ्या मुलीला लेड झेपेलिनच्या रॉबर्ट प्लांटचे उच्चार कुठून कळणार? आम्ही शब्दांच्या जागी आमचे आवाज घालून गायचो, आणि अर्थ सुरांवरून ठरवायचो. हे गाणं विरहाचं, हे रागावलेल्याचं, हे पावसाचं. पुढे शब्द छापील स्वरूपात हाती आले तेव्हा पुष्कळ ठिकाणी आमचा अंदाज बरोबर निघाला. जिथे निघाला नाही तिथे मला अजूनही आमचाच अर्थ जास्त आवडतो.

घरात एक माणूस असं होतं, ज्यानं हे संगीत पहिल्यांदा मनापासून ऐकलं. माझी आत्या. ती शास्त्रीय गाणं शिकलेली होती आणि शिकवायचीही. एकदा ती भाजी निवडत बसलेली असताना ‘डार्क साइड’मधलं ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ लागलं. त्यातल्या गाण्यात शब्दच नाहीत. पियानोवर एका बाईचा आवाज उंच चढत जातो, फुटतो, खाली येतो, पुन्हा हळुवार होतो. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोण एवढं रडतंय? आत्या म्हणाली, ‘रडत नाहीये ती. स्वर लावतेय.’ मग तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं आणि भाजी बाजूला ठेवून ऐकलं.

त्या गायिकेचं नाव क्लेअर टॉरी. जानेवारी १९७३मधल्या एका रविवारी तिला स्टुडिओत बोलावलं गेलं, शब्द नाहीत एवढं सांगितलं गेलं, आणि तिनं जे गायलं ते तिचं तिनं तिथेच रचलं. मोबदला मिळाला ३० पौंड. २००४मध्ये ती न्यायालयात गेली आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन त्या गाण्याची सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. ही बातमी मी आत्याला सांगितली तेव्हा ती चटकन म्हणाली, ‘लागायलाच हवं होतं. आलाप ज्याचा त्याचाच असतो.’ रॉकच्या इतिहासातल्या एका मोठ्या वादावर इतका नेमका निवाडा मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

हे संगीत लांबून आमच्याकडे येत होतं असं मी आतापर्यंत म्हणत आले. पण हे पुस्तक लिहायला बसले तेव्हा उलटी गोष्टही समोर येत गेली आणि तिनं माझा जीव हरखून गेला. हे संगीत आमच्या दाराशी पुन्हापुन्हा येऊन गेलं होतं.

शाळेची सहल महाबळेश्वर-पाचगणीला गेली नाही असं मूल पुण्यात सापडणं कठीण. टेबललँडवर घोडे, बाजारात चणे आणि जांभळाच्या मधाच्या बाटल्या, परतीच्या बसमध्ये भेंड्या. त्याच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा वसतिगृहात राहत होता. फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६चा. वयाच्या आठव्या वर्षी आई-वडिलांनी त्याला तिथे पाठवलं. मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले ते तिथेच. पियानो तो शिकला तो तिथेच, आणि १९५८मध्ये बारा वर्षांच्या वयात त्यानं चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा चमू काढला तोही तिथेच. शाळेच्या समारंभांत ही मुलं क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवत. त्यातला एक, व्हिक्टरी राणा, पुढे नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला. दुसरा पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवू लागला. आणि पियानो वाजवणारा क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

आम्हाला यातलं बहुतेक सगळं कळलं ते २४ नोव्हेंबर १९९१ला तो गेला त्यानंतर. तोपर्यंत त्याची दोन थापा-एक टाळीची ती चाल आम्ही वर्गातल्या बाकांवर वर्षानुवर्षं वाजवली होती. ‘वुई विल रॉक यू’ १९७७चं. सुरुवातीला त्यात वाद्यच नाही. पाय आणि टाळ्या. ज्यांच्याकडे ड्रम नाहीत, गिटार नाही, शिकवायला कुणी नाही, अशा शाळकरी मुलांना जसंच्या तसं वाजवता येईल असं रॉकमधलं ते बहुधा एकमेव गाणं असावं. ऑफ तासाला अख्खा वर्ग ते वाजवायचा आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई डस्टर घेऊन यायच्या. ते रचलं ब्रायन मे यानं, पण त्याला आवाज दिलेल्या माणसानं आमच्यासारख्याच बाकांवर, आमच्याच जिल्ह्याच्या शेजारी, कृष्णेच्या खोऱ्यातला पाऊस पाहत शाळा शिकली होती. हे माहीत असतं तर आम्ही आणखी जोरात वाजवलं असतं.

मुंबईची गोष्ट याहून मोठी आहे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९६५मध्ये एका गाण्यात सतार वाजवली आणि पुढच्या वर्षी ती नीट शिकायला तो पंडित रविशंकरांकडे मुंबईत आला. ताजमहाल हॉटेलात खोट्या नावानं उतरला, पण ओळखला गेला आणि हॉटेलाखाली गर्दी जमली. जानेवारी १९६८मध्ये तो पुन्हा आला. फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं ‘वंडरवॉल म्युझिक’चा मोठा भाग ध्वनिमुद्रित केला. संतूर शिवकुमार शर्मांचं. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचं सारं वादनही तिथलंच. स्टुडिओ कचेऱ्यांच्या इमारतीत होता आणि बाहेरचा आवाज अडवण्याची सोय तोकडी होती. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा एवढा आवाज येई की काम थांबवावं लागे, असं हॅरिसननंच पुढे सांगितलं आहे. मला हे दृश्य अतिशय आवडतं. बोरीबंदरची गाडी गाठायला निघालेले दादर-ठाण्याचे कारकून, हातात डबा आणि छत्री, आणि त्यांची पावलं जाईपर्यंत शांत बसून राहिलेला एक बीटल. त्यांच्यातल्या एकालाही कल्पना नसणार.

१९७२मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. बासरीवादक विजय राघव राव यांनी जमवलेल्या स्थानिक वादकांबरोबर त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी पुन्हा वाजवली. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्येही एका रात्री ते वाजवायला उभे राहिले. ते मुंबईचं ध्वनिमुद्रण अधिकृतपणे प्रसिद्ध झालं २०१५मध्ये. म्हणजे यावेळी उशीर जगाला झाला. सारंगी आणि तबल्याचा ठेका असलेलं ‘फ्रेंड्स’ मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते मला मूळ गाण्याहून सरस वाटलं, आणि पुष्कळदा ऐकूनही माझं मत बदललेलं नाही.

मग २६ मार्च १९८०. धोबी तलावच्या रंगभवनात, टाइम अँड टॅलेंट्स क्लब या जुन्या संस्थेनं भरवलेल्या कार्यक्रमात ‘द पोलीस’ हा रॉक चमू वाजला. रंगभवन म्हणजे झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. पुढे १९८६पासून फरहाद वाडियांनी सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथेच रुजला आणि इथल्या पोरांनी स्वतःचं वाजवायला सुरुवात केली. ‘रॉक मशीन’चा गिटारवादक महेश तिनईकर हे नाव वाचून आमच्या कॉलेजात काय उत्साह संचारला होता! तिनईकर! हे आडनाव गिटारच्या शेजारी छापलेलं आम्ही त्याआधी पाहिलंच नव्हतं. आसपास इस्पितळं आणि कॉलेजं असल्यानं तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. मुंबईनं गमावलेल्या जागांची यादी केली तर मी रंगभवनाचं नाव फार वर लिहीन.

गोव्यात याच सुमाराला रेमो फर्नांडिस शिवोलीच्या आपल्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्यानं सगळी वाद्यं वाजवून कॅसेटी काढत होता आणि स्कूटरवरून स्वतः दुकानात पोचवत होता. त्याच्यावरचा लेख या पुस्तकातला सर्वांत छोटा आहे, कारण त्याचं म्हणणं त्याच्या गाण्यांतूनच ऐकावं.

गिटार शिकण्याचा ताप आमच्या वाड्यात आला तो अकरावीत. कलकत्त्याच्या बनावटीच्या गिव्हसन किंवा हॉबनर गिटारी, तारांची उंची एवढी की बोटांची साल निघे. सुरुवात सगळ्यांची एकाच चालीनं, ‘स्मोक ऑन द वॉटर’. स्वित्झर्लंडच्या माँत्रूमध्ये ४ डिसेंबर १९७१ला फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कॅसिनोला आग लागली, धूर तळ्यावर पसरला, ते दृश्य समोरच्या हॉटेलातून डीप पर्पलनं पाहिलं आणि गाणं केलं, ही गोष्ट आम्हाला वाड्यातल्या एका दादानं सांगितली होती. त्यानं ती इतकी रंगवून सांगितली होती की आमच्या डोळ्यांपुढे आगीचे बंब थेट लकडी पुलावरून गेले. शेवट सगळ्यांचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’वर. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते गाणं झालं नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटारींची शेवटची जुगलबंदी वाजवायला दुसरा गिटारवाला मिळायचा नाही, तेव्हा आमच्या कॉलेजात ती दुसरी बाजू एकदा हार्मोनियमवर वाजवली गेली. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

पुस्तक मी १९९१वर थांबवलं आहे. त्या वर्षी स्टार टीव्ही आला, त्यावर एमटीव्ही आलं, आणि जे गाणं अमेरिकेत या महिन्यात वाजतंय ते आमच्या वाड्यातही याच महिन्यात दिसू लागलं. वाट पाहणं संपलं. त्यानंतरची पिढी भाग्यवान आहे, तिला सगळं वेळेवर आणि पूर्ण मिळालं. तिच्या ऐकण्यावर तिच्यातल्या कुणीतरी लिहायला हवं. मी लिहू शकते ते उशिरा आलेल्या, तुटलेल्या, सळसळीतून ऐकलेल्या गाण्यांबद्दल. अशा गाण्यांना ऐकणाऱ्यानं स्वतःकडचं काहीतरी घालून पूर्ण करावं लागतं. आमच्या पिढीनं त्यात भावगीतं घातली, ऑर्केस्ट्रा घातला, आत्याची तालीम घातली, वेताळाच्या चित्रकथा आणि फास्टर फेणेच्या करामती घातल्या. म्हणून हे संगीत माझ्या लेखी मराठी बालपणाचा भाग आहे आणि त्याबद्दल मराठीतच लिहायला हवं होतं.

हेवी मेटल आणि जॅझ यांना या पुस्तकात जागा दिलेली नाही. दोन्ही विषय मोठे आहेत आणि माझ्याहून जाणकार माणसं त्यांवर लिहितील. लेख काळाच्या क्रमानं लावलेले नाहीत, जशी गाणी आली तसे लावले आहेत. त्यामुळे ते कुठूनही वाचावेत. पाचगणीचा लेख तिथे जायच्या आधी वाचलात तर जास्त मजा येईल.

एक विनंती आहे. मी पुण्याचं आणि थोडं मुंबईचं लिहिलं. सांगलीत, अमरावतीत, बेळगावात, कोकणातल्या एखाद्या गावात हे संगीत कसं पोचलं ते तिथल्याच माणसांनी लिहावं, आणि लवकर लिहावं. घरी भरून घेतलेल्या कॅसेटी असतील तर त्या रद्दीत देऊ नका. फीत आपोआप खराब होत जाते, तेव्हा चालू यंत्र मिळतंय तोवर त्या संगणकावर उतरवून घ्या. आणि उतरवताना दोन्ही बाजू उतरवा.